काटा खोटं बोलत नाही

कोलोन, १२ जानेवारी

बाबा,

मोइन. एकदाच म्हणते. भेटल्यावर दोनदा 'मोइन' म्हणणारा माणूस बडबड्या, हे तुमचंच म्हणणं. पुढची पानं वाचून तुम्ही मला तेच म्हणणार आहात, तर सुरुवात तरी तुमच्या मनासारखी होऊ दे.

पाकिटावरचा पत्ता बघून दचकला असाल. हो, मी फेन्नाकडे आहे, तुमच्या थोरल्या लेकीकडे. लगेच शेगडीत टाकू नका. आई सांगते, घरात फेन्नाचं नाव निघालं की तुम्ही उठून शेडमध्ये जाता. मग हे पत्र घेऊनच शेडमध्ये जा. तिथे उजेड कमी आहे, पण माझं अक्षर मोठं आहे. शाळा अर्धवट सोडल्याचा तेवढा एक फायदा.

झालं असं. डिसेंबरात मी आखनच्या नाताळ बाजारात बटाट्याचे घावन तळत होते. त्याआधी बेटांच्या फेरीबोटीवर दोर बांधायला होते, त्याआधी आणखी कुठे. ते आईला माहीत आहे, तुम्ही विचारलंत तर सांगेल. घावनवाला मालक मोठा विचित्र माणूस. गिऱ्हाइकाने सफरचंदाच्या गोड चटणीऐवजी मोहरी मागितली की त्याला रांगेतून हाकलायचा. "घावनाचा अपमान माझ्या ठेल्यावर नाही!" एकदा एका पोलिसालाच हाकललं. असो. तर हातात झारा, कढईत तेल, आणि फोन वाजला.

"काय करतेस?" नाव नाही, गाव नाही. फेन्नाच.

"तळतेय."

"पडायला येतेस का?"

बाबा, नऊ वर्षांत आम्ही पाच-सहा वेळा बोललो असू. तेही वाढदिवसाला, तेही बहुतेक मीच फोन उचलला नाही म्हणून तिने आईमार्फत. आणि आता हे. तिच्या जोडीदारणीचा खांदा निखळला होता. एप्रिलमध्ये हानोफरला ज्यूदोची युरोपची अजिंक्यपद स्पर्धा. रोज शंभर-दीडशे वेळा फेकायला तिला कुणीतरी हवं होतं.

"तिथे पन्नास पोरी असतील," मी म्हटलं.

"त्या पडायला घाबरतात. आखडतात. तुझ्यासारखं पडायला कुणाला येत नाही."

आयुष्यात माझं कुणी इतकं कौतुक केलं नव्हतं. मी झारा मालकाच्या हातात दिला आणि एप्रन घालूनच स्टेशनवर गेले.

आता खरं सांगते. अकरा वर्षं तुमच्या हाताखाली मी तिच्याकडून फेकली गेलेय. शाळेच्या त्या हॉलमध्ये, आपणच अंथरलेल्या आणि आपणच गुंडाळलेल्या मॅटवर. मला वाटलं होतं, माहीत आहे मला, कसं असतं ते. पहिल्या सकाळी समोर उभी राहिले. वाकून नमस्कार केला. तिने डाव्या हाताने माझी उजवी बाही धरली, दुसऱ्या हाताने कॉलर. आणि मग मी छत बघत होते. मधलं काही नाही! पाय जमिनीवरून कधी सुटले, ती कधी वळली, तिची मांडी माझ्या मांड्यांमध्ये कधी शिरली, काही कळलं नाही. दुखलंही नाही. समुद्राची लाट माणसाला उचलते तेव्हा लाटेचा राग येतो का? तसं. मी पडल्या पडल्या हसायलाच लागले.

"काय झालं?" ती.

"पुन्हा कर."

आणि बाही, बाबा. ती अजून बाही सोडत नाही. मी हवेत असताना शेवटच्या क्षणी ती बाही वर ओढते, म्हणून माझं डोकं आपटत नाही. 'फेकायचं जीव खाऊन, पण बाही सोडायची नाही, पडणारा आपलाच असतो,' असं तुम्ही शंभरदा ओरडायचात. इथे सगळ्यांना ते शिकवलेलं आहे, पण घाई झाली की विसरतात. ती विसरत नाही. मी आल्यापासून तेच बघतेय.

आज एवढंच. उत्तराची वाट बघत नाही, तुम्ही लिहीत नाही हे ठाऊक आहे.

इमके

कोलोन, ३० जानेवारी

बाबा,

आई म्हणाली, पत्र शेगडीत गेलं नाही. बरं झालं. लाकडं महाग आहेत म्हणून नसेल गेलं, तरी चालेल.

इथल्या मुख्य प्रशिक्षक कालवाइटबाई. साठीच्या, बुटक्या, कान दोन्ही चुरगळलेले, जन्मभर मॅटवर घासून घासून. तुम्हाला त्या आवडतील. नाहीतर तुम्ही दोघं पहिल्या पाच मिनिटांत भांडाल. मला म्हणतात, "ए ईस्ट फ्रीजियन, तू पडतेस की लोळतेस?" मी म्हटलं, बाई, आमच्याकडे जमीन इतकी सपाट आहे की लोळायला उतार मिळत नाही, म्हणून इथे हौस भागवते. हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या पोरींना गोळा केलं आणि माझं पडणं दाखवलं. "हिला बघा. हिला पडायची लाज वाटत नाही."

लाज. असो.

फेन्नाची खोली तुम्हाला सांगायला हवी. पलंग, टेबल, खिडकीत आईने पाठवलेली चहाची पुडी आणि खडीसाखरेचा डबा. पदकं एका बुटांच्या खोक्यात. कागदोपत्री ती सैनिक आहे, सैन्याच्या क्रीडा तुकडीत. गणवेश कपाटात लटकलाय आणि सॅल्यूट अजून तिला धड येत नाही, नांगराला हात लावल्यासारखा करते. आणि वजनकाटे तीन. एक न्हाणीघरात, एक दाराजवळ, एक प्रवासाच्या बॅगेत. स्पर्धेच्या आठवड्यात ती तिन्हींवर चढते, श्वास पूर्ण सोडून, डोळे मिटून, आणि मला वाचायला लावते. तिन्हींचा आकडा जुळला की मगच डोळे उघडते.

मी विचारलं नाही, तीन का. मला माहीत आहे, तीन का.

त्यापेक्षा तुम्हाला ती विश्वविजेती झाली ते सांगते. तुम्ही बघितलं नाहीत असं आई म्हणते. तुम्ही शेडमध्ये होतात. शेडमध्ये तेव्हा रेडिओ होता की नव्हता, हे तिने विचारलं नाही, मीही विचारत नाही.

मी ब्रांडेनबुर्गला शतावरी खणत होते. जूनचे दिवस, हंगाम संपत आलेला. सोबत बारा रुमानियन बायका. लिलियाना नावाची एक होती, पाठ इतकी मजबूत की दोन पाट्या एकदम उचलायची. जेवणाच्या सुट्टीत तिच्या फोनवर कुस्ती-बिस्ती काही लागलं होतं. तिने फोन पाटीला टेकवून ठेवला. आणि त्यात फेन्ना.

चार मिनिटांत निकाल लागला नाही. मग पुढे वेळेची मर्यादा नाही, जो आधी गुण घेईल तो जिंकला. समोर जपानची पोरगी, फेन्नापेक्षा सात वर्षांनी लहान, पाऱ्यासारखी. सहा मिनिटं. आठ मिनिटं. फेन्नाच्या दोन्ही हातांच्या बोटांना पट्ट्या, त्यातून रक्त बाहेर आलेलं. डावा गुडघा दोन वर्षांपूर्वी शिवलेला. प्रत्येक थांब्याला ती पट्टा सोडायची, पुन्हा बांधायची, सावकाश, तुम्ही गोदामात पोत्याचं तोंड बांधता तसं. लिलियाना म्हणाली, "ही बाई मरेल आता." मी म्हटलं, "नाही मरणार. ती आता मोजतेय."

कारण मला दिसलं होतं, बाबा. ती पोरगी दर वेळी उजवा पाय पुढे टाकताना खांदा एक केसभर आधी हलवत होती. आपल्या हॉलमध्ये मी नेमकी तीच चूक करायचे. दहाव्या मिनिटाला खांदा हलला, आणि फेन्ना तिथे नव्हतीच. ती खाली होती, आत होती, पाठ फिरलेली, आणि जपानची पोरगी तिच्या मांडीवरून आख्खी चाक फिरावं तशी फिरली आणि पाठीवर सपाट आली. पंचाचा हात सरळ वर. इप्पोन. पूर्ण गुण, खेळ खलास.

आणि त्या क्षणीसुद्धा तिने त्या पोरीची बाही वर ओढून धरली होती. जगाचं अजिंक्यपद जिंकताना! मी शतावरीच्या चरात बसून रडले. बारा बायका टाळ्या वाजवत होत्या. लिलियानाने छातीवर क्रूस काढला आणि मला विचारलं, "तुझी कोण लागते ही?"

मी म्हटलं, "आमच्या गावाकडची आहे."

बहीण म्हटलं नाही. जीभ वळली नाही. का, ते पुढच्या पत्रात. आता मॅटवर जायचंय, बाई वाट बघणार नाहीत.

इमके

कोलोन, १९ फेब्रुवारी

बाबा,

आज इथे कार्निव्हलचा बायकांचा गुरुवार. सकाळी अकरापासून शहर बायकांच्या ताब्यात. कात्र्या घेऊन फिरतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. ट्राममध्ये एक बँकवाला होता, त्याने टाय मोज्यात लपवला होता. तिथूनही काढला. आमचा फिजिओ तरुण आहे, बर्लिनहून नवा आलेला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बिचारा टाय घालून आला. फेन्ना गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "वाक जरा, तुझ्या कॉलरला काहीतरी लागलंय," आणि कच्च. मग तो अर्धा टाय तिने दिवसभर पट्ट्याखाली खोचून सराव केला. कालवाइटबाई म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षांची विश्वविजेती, आणि अक्कल आठ वर्षांची." पण आज बाईंच्याही गालावर लाल टिकल्या रंगवलेल्या होत्या.

लोकांना ती अशी असते हे माहीत नाही. टीव्हीवर दगडासारखी दिसते.

संध्याकाळी गुडघ्यातून पाणी काढलं. मी तिचा हात धरून होते. सुई आत गेली तेव्हा ती छताकडे बघून म्हणाली, "हानोफर. मग बस." मला वाटलं, सुईला बस म्हणतेय.

"म्हणजे?"

"म्हणजे पट्टा खुंटीला. डॉक्टरांना सांगितलंय, बाईंना सांगितलंय, आता तुला सांगतेय."

अकरा वेळा राष्ट्रीय विजेती, युरोपची दोन पदकं, जगाचं एक. आणि ते सगळं ती सुई टोचलेल्या पायाने तीन वाक्यांत मिटवते. खोलीवर आल्यावर मी चहा केला. आपल्यासारखा. आधी खडीसाखर, मग चहा, ती तडकते तो आवाज, मग कडेने साय, ढवळायचं नाही. ती कपाला कान लावून तो तडकण्याचा आवाज ऐकत होती, डोळे मिटून.

मी म्हटलं, "बाबांना कळवायला हवं. शेवटची आहे म्हणून."

डोळे उघडले. "काटा कळवेल त्यांना. तो खोटं बोलत नाही ना."

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

"उपाशी होते मी, इमके. दोन दिवस घोटभर पाणी नाही. थुंकीसुद्धा गिळत नव्हते. आणि त्यांनी मला खोटारडी म्हटलं. तेही भांडून नाही. भांडले असते तर मी भांडले असते. चमचा कपात ठेवला आणि उठले."

मग तिने टेबलाचा खण उघडला. त्यात हानोफरची दोन तिकिटं होती, शनिवारची, पहिल्या रांगेची. एक आईचं. दुसऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. खण तिने लगेच बंद केला.

बाबा, मी हे पत्र वेगळंच काही लिहायला बसले होते. त्या हातगाडीबद्दल. पण खाली रस्त्यावर ढोल इतके वाजतायत की

नाही. ढोलांचा दोष नाही. पुढच्या वेळी.

इमके

कोलोन, ६ मार्च

बाबा,

बसून वाचा. हे पत्र शेडमध्येच वाचा, कारण ज्या वस्तूबद्दल आहे ती तिथेच पोतं पांघरून उभी आहे.

नऊ वर्षांपूर्वीचा तो फेब्रुवारी. रविवारी ब्रेमेनला निवडचाचणी, एकवीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेची. फेन्ना एकोणीस, मी सतरा. हॉलची फरशी धुवायला काढली होती, म्हणून क्लबचा काटा घरी आणायचा होता, फेन्नाला पहाटे निघताना वजन बघता यावं यासाठी. तो तुमच्या गोदामातून निवृत्त झालेला काटा, फळीचा, पट्टीवर गोळा सरकवायचा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तुम्ही त्यावर वीस किलोचं लोखंडी माप ठेवून तो तपासायचात. त्या सोमवारीही तपासला होता. बरोबर होता.

शनिवारी तुम्ही मला म्हणालात, "हातगाडीतून आण. सावकाश आण. पाळण्यातलं मूल आहे समज."

वाटेत आपली रस्त्यावर गोळा लोटण्याचा खेळ खेळणारी मंडळी भेटली, हॅर्म आणि त्याची टोळी, शेजारच्या गावाविरुद्ध पैज लागलेली, सगळा रस्ता अडवून. म्हणाले, इमके, एक गोळा लोट की. मी लोटला. फार सुंदर गेला तो, वळणाला सुद्धा चिकटून गेला, अजून आठवतो. पहिला प्याला त्यांनी दिला, दुसरा मी मागितला. त्यांनी आपल्या बाटल्या माझ्या हातगाडीत टाकल्या आणि आम्ही पुढे निघालो. हॅर्मने गाडी ओढली, मी ढकलली, कुणीतरी गाणं म्हणत होतं, आणि पुलाजवळ गाडी कलंडून चरात गेली. काटा खाली, बाटल्या वर.

एकही बाटली फुटली नाही. त्यावर सगळे किती हसले!

मी काटा बाहेर काढला. चिखल माझ्या स्वेटरने पुसला. हलवून बघितला, पट्टी शून्यावर बरोबर उभी राहिली. मला वाटलं, ठीक आहे. ठीकच असणार. पण पट्टीच्या टोकाशी जी छोटी सुरी असते, जिच्यावर सगळं तोलून असतं, ती जराशी, नखभर, वाकडी दिसली मला. मी ती अंगठ्याने दाबली. ती तिथेच राहिली. आणि मी काही बोलले नाही.

घरी तुम्हीही शून्य बघितलंत. शून्य बरोबर होतं.

पहाटे पाचला फेन्ना त्यावर चढली. छप्पन्न किलो नऊशे, सत्तावन्नच्या मर्यादेत शंभर ग्रॅम आत. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात, जे तुम्ही कधी करत नाही. मग ते धुकं, आणि हायवेवर तासभर थांबलेल्या गाड्या. वजनाची वेळ संपायला सात मिनिटं असताना आपण पोचलो. तिथल्या काट्यावर सत्तावन्न तीनशे. धावून घाम काढायला वेळ नाही, केस कापायलाही वेळ नाही. पंच म्हणाले, माफ करा. तिने निमूट जॅकेटची घडी घातली.

नंतरचं तुम्हाला माहीत आहे. चहाचं टेबल. पहिलाच कप. तुम्ही म्हणालात, "माझा काटा खोटं बोलत नाही." ती म्हणाली, "म्हणजे मी बोलते?" तुम्ही चमचा कपात ठेवलात. आपल्याकडे त्याचा अर्थ बास, आणखी नको, आणि त्या दिवसापासून त्या घरात खरंच आणखी काही झालं नाही. मी समोर बसले होते. स्वेटर बादलीत भिजत होता. मी खडीसाखर चोखत होते आणि मनात म्हणत होते, आता सांगते, ही विरघळली की सांगते. ती विरघळली. फेन्ना सोमवारी गेली. मी उन्हाळ्यात गेले, आणि तेव्हापासून कुठेच थांबले नाही. लोक मला विचारतात, तुला एवढं फिरायला का आवडतं. मला आवडत नाही, बाबा.

तुम्ही त्यानंतर तो काटा एकदाही तपासला नाहीत. आईने सांगितलं. पोतं टाकलंत आणि क्लबला नवा घेऊन दिलात. मी समजू शकते. तपासायचा म्हणजे शंका घ्यायची, आणि शंका घेतली तर निकाल लागणार, कुणाचातरी. तसाच ठेवला की कुणाचाच लागत नाही.

तर माझी एकच विनंती. पोतं काढा. वीस किलोचं माप ठेवा. जो आकडा येईल तो बघा. मग तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू द्या. फेन्नाला मी अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्ही, कारण तुम्ही दूर आहात आणि ती मला रोज शंभर वेळा फेकते. मी अजूनही भित्रीच आहे, फक्त आता मला ते नीट पडून दाखवता येतं.

इमके

कोलोन, २७ मार्च

बाबा,

तुमचं कार्ड पोचलं. पुढे आपला लाल-पिवळ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ, मागे तुमची ओळ: '१९ किलो ८५०. तीनदा ठेवलं. ओन्नो.'

ओन्नो! मुलीला लिहिताना 'बाबा' नाही. गोदामाची पावती असल्यासारखं. मी जिन्यातच बसले आणि तोंडात बाही कोंबून हसले, मग हसताना रडले, शेजारच्या कुत्र्याने येऊन मला हुंगलं. वीस किलोत दीडशे ग्रॅम. सत्तावन्नात सव्वाचारशे. नऊ वर्षं.

तुम्ही ते तीनदा ठेवलंत. तुम्ही जे एकदा तपासता ते तीनदा. मी कल्पना करतेय, पहिल्यांदा ठेवलंत, मग काय केलंत, मग दुसऱ्यांदा. पुढची कल्पना करत नाही.

काल सकाळी सराव संपल्यावर सगळ्या गेल्या, मी मॅटवर थांबले. फेन्ना बोटांच्या पट्ट्या सोडत होती. मी कार्ड तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं, तुम्हाला लिहिलं तसं, गोळा सुंदर गेला तेसुद्धा. ते मला सोडता आलं असतं, पण मग पुन्हा काहीतरी सोडलेलं राहिलं असतं.

तिने कार्ड वाचलं. पालथं करून दीपस्तंभ बघितला. पुन्हा वाचलं. मग तिने पट्ट्या परत बांधायला घेतल्या.

"उभी राहा," म्हणाली.

मी उभी राहिले. नमस्कार केला. तिनेही केला, नेहमीसारखा, पूर्ण.

बाबा, तिने मला आजवर किती वेळा फेकलं असेल? लाखभर? त्यातलं एकही असं नव्हतं. आवाज रिकाम्या हॉलमध्ये तोफेसारखा घुमला. उठले. पुन्हा. उठले. पुन्हा. तिच्या नाकातून फक्त श्वास. मला कळत होतं की जगात आज दुसरी कुणी नाही जी हे असं करू शकेल, आणि ते सगळं, ते सगळे वजनाचे उपास, ती सुई, जपानच्या पोरीची ती दहा मिनिटं, सगळं माझ्यावरून जात होतं. भीती वाटत होती, आणि तरी मनात म्हणत होते, किती सुंदर फेकते ही! आणि दर वेळी हवेत असताना मी एकाच गोष्टीची वाट बघत होते, आता बाही सोडेल. आता सोडेल. सोडली असती तर मी काही म्हटलं नसतं.

सतरा वेळा फेकलं. मी मोजलं. एकदाही सोडली नाही.

अठराव्याला ती माझ्या शेजारी खाली बसली. बाही अजून मुठीतच होती, विसरली असावी.

"इथे पहिल्या वर्षी माझ्या खोलीत एक पोरगी होती, तिला मी विचारायचे," ती म्हणाली. "रात्री झोपेत मी उठते का. काही खाते का. महिनाभर मी हाताला दोरी बांधून झोपायचे, पलंगाला."

"का?"

"कारण मलाही वाटायचं, इमके. बाबांचा काटा कसा चुकेल? मग मीच खाल्लं असणार. झोपेत. भांडले त्यांच्याशी, पण आत कुठेतरी त्यांचंच खरं धरून बसले होते. आपल्या घरात काट्यावर शंका घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. त्यांना नाही, मलाही नाही."

मी बाही तिच्या मुठीतून सोडवून घेतली नाही.

"मी आज तुझ्याशी आणखी बोलणार नाही," ती म्हणाली. "उद्याही बहुतेक नाही. सातला ये. पडायला."

आज सातला गेले. बोलली नाही. शंभर वेळा फेकलं. कालवाइटबाई म्हणाल्या, "काय गं, दोघींच्या जिभा मांजराने नेल्या का?" फेन्ना म्हणाली, "हिने माझी नऊ वर्षं नेली, बाई, मी हिचे तीन आठवडे घेतेय." बाईंनी आम्हा दोघींकडे एकदा बघितलं आणि बाकीच्या पोरींना कामाला लावलं.

आणि आत्ता, तासाभरापूर्वी, तिने माझ्या दाराखालून एक पाकीट सरकवलं. आत ते तिकीट. त्यावर आता नाव आहे: ओन्नो आयलर्स. सोबत चिठ्ठी, तिच्या त्या तिरक्या अक्षरात. जशीच्या तशी उतरवते:

'त्यांना लिही. शुक्रवार १७ एप्रिल, संध्याकाळी सहाला माझं वजन. त्याआधी मी कुणाशी बोलत नाही. साडेसहाला मोकळी. चहा घेऊन यायचा, खडीसाखर घरचीच. साय तिथेच घेऊ. आणि ते वीस किलोचं माप आणायचं. माझे तीन काटे त्यांनी एकदा तपासून द्यायचे. मग मी दोन फेकून देईन.'

माप जड आहे, हे मला माहीत आहे. गाडीत तुमच्या पायाशी ठेवा, आईच्या नको. हानोफरला स्टेशनवर मी येते, ओढून न्यायला मी हातगाडी शोधणार होते, मग म्हटलं, नको. हातात धरून आणू, दोघं मिळून.

शनिवारी ती जिंकेल का, मला सांगता येणार नाही. गुडघा तो तसा आहे. तिच्यासमोर पोरी येतील त्या विशीतल्या. पण तुम्ही पहिल्या रांगेत असाल, तर बाहीकडे बघा. बाकी सगळं जग फेक बघेल.

आणि एकच. तीन कप हा आपल्याकडे पाहुण्याचा हक्क. पहिला कप झाला की तुमचा हात सवयीने जाईल, मला माहीत आहे. जाऊ देऊ नका. चमचा बशीत ठेवा.

इमके